भेदरलेलं कुत्रं वस्तीवर रुळवताना

ऊसतोड संपून टोळी गावाकडे निघाली की एखादं कुत्रं मागे राहतं. कडब्याच्या गंजीआड शेपूट पायात घालून बसतं, माणूस दिसला की पळतं. कायमचं घर मिळेपर्यंत असं जनावर तुम्ही सांभाळणार असाल, तर एवढंच सांगणं, घाई करू नका.

पहिले ३-४ दिवस त्याला हात लावू नका. गोठ्याच्या कोपऱ्यात पोतं टाका, पाणी ठेवा. भाकरी रोज ठरल्या वेळी आणि एकाच माणसाने घालावी. समोर उभं राहून टक लावून बघू नका, कुत्र्याला ती धमकी वाटते. थोडं लांब, अंग तिरपं करून खाली बसा. हवी तर तंबाखू मळा! वास घ्यायला ते आपणहून येईल. आलं तरी डोक्यावरून हात नेऊ नका, आधी छातीला हात लावा. झोप नसताना जांभया देणं, ओठ चाटणं, अंग आखडणं ही भीतीची लक्षणं. तेव्हा मागं सरा. गुरगुरलं म्हणून काठी उगारलीत, तर पुढच्या खेपेला ते न गुरगुरता चावेल. पोराबाळांना हे बजावून ठेवा.

रेबीजची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून घ्या. चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण २०२३ च्या नियमांनुसार ग्रामपंचायतीकडेही येतं. सरपंच मंडळींनी ग्रामसभेत विषय घ्यावा.

आणि दिवाळीत फटाके वाजू लागले की त्याला बाहेर बांधू नका, आत घ्या.