‘त्यांना काही सांगू नका’ (लेखांक ५)

मागच्या लेखात आपण किडनीच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेपर्यंत आलो होतो. गाठ साधारण ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर शक्यतो किडनीचा तेवढाच भाग काढतात. मोठ्या गाठीसाठी बऱ्याचदा अख्खी किडनी काढावी लागते आणि दुसरी धड असेल तर माणूस तिच्यावर नीट जगतो. आज त्यापुढचं. टाके निघतात, भेटायला येणारे थांबतात आणि घरात कुणी उघड बोलत नाही असा एक लांबलचक काळ सुरू होतो.

सुरतजवळच्या कामरेजचा विचार करा. तापीकाठचं, महामार्गावरचं हे गाव. सुरत परिसरात खानदेशातून लूमवर आणि साडीच्या कामाला आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. इथल्या कर्करुग्णापुढे दोन वाटा असतात. एक तर सुरतेतच उपचार घ्यायचे, नाहीतर पहाटेची फ्लाइंग राणी धरून दादरला उतरायचं आणि परळला टाटा रुग्णालय गाठायचं. पिशवीत फाइल, सीटीची सीडी, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि डबा. वाट कुठलीही धरली तरी डॉक्टरांच्या दाराशी मुलगा किंवा जावई हळूच म्हणतो, ‘साहेब, त्यांना काही सांगू नका. साधी गाठ होती एवढंच सांगितलंय.’

या वाक्यामागची माया खरी आहे. तरीही किडनीच्या कर्करोगात ही लपवाछपवी पेशंटच्या जिवावर येऊ शकते, असं माझं स्पष्ट मत आहे.

या रोगावर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही. रोग पसरला असेल तर टार्गेटेड थेरपीच्या गोळ्या किंवा इम्युनोथेरपीची सलाइन देतात. गोळ्या घरी घ्यायच्या असतात. सुनिटिनिब ही त्यातली जुनी गोळी, रूढ पद्धतीत चार आठवडे घ्यायची आणि दोन आठवडे थांबायचं. तिने बीपी चढतं, तोंड येतं, थायरॉइड मंदावतं, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. लूमवर तुटलेला धागा जोडणाऱ्याच्या बोटांची आग व्हायला लागली की तो म्हणणार, मशीनमुळे झालं असेल. गोळी कशाची हेच ठाऊक नसेल तर तो डॉक्टरांना हे सांगणार कसा? वेळेवर कळलं तर डोस कमी करता येतो, मधे खंड देता येतो. इम्युनोथेरपीत आणखी सावध राहावं लागतं. दम लागला, जुलाब सुरू झाले, तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी न आणता त्याच दिवशी रुग्णालयात फोन करायचा. चेतलेली प्रतिकारशक्ती फुप्फुसावर किंवा आतड्यावर उलटलेली असू शकते.

पेनकिलरचंही तसंच. दिवसभर उभं राहून पाठ धरली की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणारे घरोघरी आहेत. एकाच किडनीवर जगणाऱ्याने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हे त्याला स्वतःला माहीत हवं, कारण चोवीस तास कुणी त्याच्या पाठीशी नसतं.

आता अनिश्चिततेबद्दल. हा रोग उलटला तर बहुधा पहिल्या काही वर्षांत उलटतो, पण दहा वर्षांनंतरही डोकं वर काढल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे ‘सुटलो एकदाचे’ असं ठामपणे म्हणता येत नाही. सीटीची तारीख जवळ आली की झोप उडते, चिडचिड वाढते, जेवण जात नाही. याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. रिपोर्ट कधी आणि कोण सांगणार, हे सीटीच्या आधीच ठरवून घ्या. वाट पाहण्याला शेवट असला की ती थोडी सोसते. कधी फुप्फुसात बारीकसा ठिपका दिसतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘तीन महिन्यांनी पुन्हा बघू.’ ही हयगय नव्हे. सावकाश वाढणाऱ्या रोगात काही काळ औषधाविना नजर ठेवणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्यामागचं कारण मात्र पेशंटच्या देखत विचारा.

राहिला पैसा. सोराफेनिब या किडनी आणि यकृताच्या कर्करोगावरच्या गोळीचा महिन्याचा खर्च एके काळी सुमारे २,८०,००० रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची मुभा) नॅटको कंपनीला दिला आणि तीच गोळी महिन्याला ८,८०० रुपयांत द्यायचं ठरलं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. इम्युनोथेरपी आजही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून महागडं औषध लिहून दिलं की त्याचं जेनेरिक मिळतं का, हे तिथल्या तिथे विचारा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागालाही भेटा.

पुढच्या ओपीडीला पेशंटला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका. त्याला आत न्या, डॉक्टरांसमोर बसवा आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. रेशनकार्ड महाराष्ट्रातलं आणि राहणं गुजरातेत असेल तर आयुष्मान कार्ड कसं वापरायचं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.