निवृत्तीचा विसावा आणि मिळकतीचा विसावा भाग

दरवर्षी 31 मे रोजी सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोप समारंभांची गर्दी उसळते. शाल, श्रीफळ, हार, चार भाषणे आणि शेवटी चहा-फराळ. एकाच दिवशी इतकी माणसे निवृत्त का होतात? कारण त्यांच्या आईबापांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नव्हती. सुगीत झाला, पोळ्याच्या आधी झाला, एवढेच त्यांना सांगता येई. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून हा 31 मे. आपल्या समाजातील पहिल्या शिकलेल्या पिढीची ही खूणच म्हणावी लागेल.

परभणी जिल्ह्यात ही पिढी कशी घडली ते आठवून पाहावे. 1948 पर्यंत येथे निजामाचे राज्य होते. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद, आणि मराठवाड्यातल्या आपल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. त्यांच्या पाठोपाठ आलेली मुले तहसिलीत, जिल्हा परिषदेत, एस.टी.त लागली. कोणी पूर्णेला रेल्वेत गेला, कोणी 1972 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात शिपाई, मजूर, लिपिक झाला. या माणसांच्या हाती निवृत्तीच्या दिवशी जी रक्कम पडते, तेवढी रक्कम त्यांच्या सात पिढ्यांत कोणी एकत्र पाहिलेली नसते. म्हणून हा पैसा आणि हाती आलेला वेळ कसा खर्च होतो, हा आम्हांला एकट्या घराचा नव्हे तर सबंध समाजाचा प्रश्न वाटतो.

पैसा कोठे जातो?

भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा रोखीकरण, गटविमा आणि पेन्शन विकल्याची रक्कम. हे सारे सहा-आठ महिन्यांत खात्यावर येते आणि बहुतेक घरी ते चार वाटांनी जाते.

पहिली वाट घराची. पत्रे काढून स्लॅब पडतो. यात वाईट काही नाही. जन्मभर गळक्या छपराखाली राहिलेल्याने पक्के घर बांधावे. पण दोन खोल्यांची गरज असताना दोन मजले चढतात आणि वरचा मजला कुलूप लावून राहतो. दुसरी वाट लग्नाची. हळदीला बँड, लग्नाला मंडप, हजार पाने जेवण. बौद्ध पद्धतीचे लग्न साधे असावे हे भाषणात सांगणारेही आपल्या मुलीच्या वेळी मागे राहत नाहीत.

तिसरी वाट सर्वांत घातक. मुलगा डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेला असतो. एखाद्या खाजगी संस्थेचा मध्यस्थ घरी येतो, 'जागा आहे, मान्यता येणारच आहे' असे सांगतो आणि बापाची उभ्या जन्माची कमाई पोत्यात भरून नेतो. पावती नाही, कागद नाही. पुढे मान्यता येत नाही, पैसेही परत येत नाहीत.

चौथी वाट जास्त व्याजाची. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने 12 ते 14 टक्के व्याज देऊ केले होते. 2023 मध्ये तिच्या शाखा बंद पडल्या आणि मराठवाड्यातले हजारो ठेवीदार रडकुंडीला आले. यात निवृत्त माणसे कमी नव्हती. वाचकांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था यांच्या ठेवींना हे संरक्षण नाही.

थोडा हिशेब

आम्ही पडलो कारकुनी माणूस, तेव्हा थोडे आकडे मांडतो. मूळ पेन्शन 30,000 असेल आणि त्यातील 40 टक्के विकली, तर 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला साधारण 12 लाख रुपये एकरकमी मिळतात. त्याबदली दरमहा 12,000 रुपये कापले जातात आणि 15 वर्षांनी ते पुन्हा सुरू होतात. पंधरा वर्षांत कापलेली रक्कम होते 21 लाख 60 हजार. कर्ज फेडायचे असेल, घर नसेल, तर विकावी. पण मांडवाच्या झालरीसाठी पेन्शन विकणे म्हणजे दुभती गाय विकून दावे घेणे होय.

जी रक्कम हाती राहील तिच्यासाठी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना ती खुली आहेच; 58 व्या वर्षी निवृत्त झालेल्यालाही निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत तेथे खाते उघडता येते. मुदत पाच वर्षांची, मर्यादा 30 लाखांची. एप्रिल 2023 मध्ये व्याजाचा दर 8.2 टक्के झाला. त्या दराने दहा लाखांवर दर तीन महिन्यांनी 20,500 रुपये हाती पडतात. व्याज मल्टिस्टेटपेक्षा कमी, पण रात्री झोप लागते.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा धर्म सांगितला, त्यात पैशाचाही हिशेब आहे. कमाईचे चार भाग करावे, एक उपभोगावा, दोन कामधंद्यात घालावे आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋण नसणे हे एक सुख आहे. आपला धम्म दारिद्र्याचे कौतुक करीत नाही. तो पैसा प्रामाणिकपणे मिळवायला आणि शहाणपणाने सांभाळायला सांगतो.

घर मुलाच्या नावे करण्याची घाई करू नये. करायचेच असेल तर बक्षीसपत्रात 'सांभाळ करील' ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. मुलाने ती पाळली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे न्यायाधिकरण असे बक्षीसपत्र रद्द ठरवू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. आणि सर्वांत आधी घरच्या बाईला सर्व कागद दाखवावेत. पेन्शनच्या आदेशावर तिचे नाव बरोबर आहे काय, खाते दोघांचे आहे काय, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोठे द्यायचा, हे तिला माहीत हवे. नवरा गेल्यावर कोषागाराच्या पायऱ्यांवर रडत बसलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत.

ज्यांना पेन्शन नाही

पेन्शनवाला आपल्या वस्तीत एखाद-दुसराच असतो. एस.टी.च्या चालक-वाहकांची पेन्शन 1995 च्या कामगार योजनेतली. तिची किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. किमानापेक्षा थोडी जास्त मिळाली तरी तेवढ्यात दवाखाना भागत नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन उरली नाही; त्यासाठी मार्च 2023 मध्ये कर्मचाऱ्यांनी संपही केला. आणि गंगाखेड-पाथरीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला तर निवृत्तीच नाही. हात थांबतात तेव्हा चूल थांबते.

याचा अर्थ, आज घरात जी जुनी पेन्शन येते ती कदाचित त्या घरातली शेवटची आहे. ती उधळली, तर नातवाच्या हाती पुन्हा कोयता येईल. शेजारच्या घरात तर ती कधी आलीच नाही. म्हणूनच पैशानंतर वेळेकडे वळावे लागते.

वेळेचे काय करावे?

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने बरे जातात. मग सकाळी पारावर पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी मोबाईल. साहेब म्हणून हाक मारणारे कमी होतात, बायकोच्या स्वयंपाकात चुका दिसू लागतात आणि कोणी कोणी गुत्त्याची वाट धरतो. काम करण्याची ताकद शाबूत असताना कामच नाही, याचा हा परिणाम.

काम मात्र दाराशी पडले आहे. 65 वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे; 2023 पासून तिचे अनुदान दरमहा 1,500 रुपये झाले. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले खाते, एवढे कागद नीट लागले तर अर्ज अडण्याचे कारण राहत नाही. पण अंगठा उठवणाऱ्या म्हातारीला तहसिलीतली खिडकी सापडत नाही. तीस वर्षे त्याच खिडकीमागे बसलेल्या माणसाने दोन सकाळी दिल्या, तर तिच्या घरात वर्षाला 18,000 रुपये येतात. याहून मोठे दान कोणते?

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर अटकसत्र झाले आणि 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. असे दिवस येतात तेव्हा घोषणा देणाऱ्यांइतकीच अर्ज लिहिणारी, नकला मागणारी, वकिलापर्यंत कागद पोचवणारी माणसे लागतात. अशी माणसे निवृत्तांखेरीज कोठून आणायची?

विहारातही काम आहे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ते तीन महिने निवृत्त गुरुजी वाचायला बसतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण उरलेल्या नऊ महिन्यांतही विहाराचे कुलूप उघडावे. संध्याकाळी दोन तास पोरांचे गणित-इंग्रजी घ्यावे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक ट्यूबलाईट, एक सतरंजी आणि रोजचे वर्तमानपत्र, एवढ्यावर अभ्यासिका सुरू होते.

विसावा भाग

15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले होते. आपण त्यांची जयंती गाजवतो, विसाव्या भागाचा विषय निघाला की खाली पाहतो. 30,000 पेन्शनचा विसावा भाग होतो 1,500 रुपये. बरोबर तेवढेच, जेवढे श्रावणबाळच्या म्हातारीला महिनाभर पुरवावे लागतात. तेवढ्यात विहारातल्या अभ्यासिकेचा वीजबिल-वर्तमानपत्राचा खर्च सहज निघेल. एका वस्तीत असे पाच जण निघाले तर वर्षाला 90,000 रुपये जमतात. त्याचा हिशेब वहीत लिहावा, पावती द्यावी आणि पौर्णिमेला सर्वांसमोर वाचून दाखवावा.

ज्याची पेन्शनच हजार रुपये आहे त्याच्याकडून कोणी पैसे मागू नयेत. त्याने दिवसाचा विसावा भाग द्यावा. चोवीस तासांचा विसावा भाग म्हणजे एक तास बारा मिनिटे. तेवढ्यात एका पोराचे पाढे पाठ होतात, एका म्हातारीचा अर्ज भरून होतो.

जयभीम!