सिंहगडाकडे तोंड करून

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्याच्या कृपेने त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले, तेव्हा शहरातील जुन्या वाड्यांच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काठ्यांचे जे अपूर्व पीक उगवले, त्या साऱ्या काठ्यांची तोंडे गडाकडे असत. आमच्या वाड्यात संच एकच होता. त्याच्या लाकडी पेटीचे सरकते दार यजमानांनी स्वहस्ते उघडावयाचे, असा अलिखित दंडक असे. आणि चित्रात मुंग्या आल्या की कोणी पोरगा कौलांवर चढे व ‘आता?’, ‘नाही, थोडं डावीकडे’ ही सवालजबाबी अंगणातून माजघरापर्यंत तोंडोतोंडी पोहोचे.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात याच कृष्णधवल पडद्यावर विनोदी कथांतले चिमणराव अवतरले. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ ही जोडी इतकी लोकप्रिय झाली की, मूळ कथा न वाचलेल्या माणसासही ते आपल्या आळीतले वाटू लागले. वस्तुतः चिमणरावांना पडदा सर्वस्वी नवखा नव्हता. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पाहावे करून’ या १९४० सालच्या बोलपटात दामूअण्णा मालवणकरांनी त्यांना यापूर्वीच देह दिला होता. परंतु बोलपट पाहण्यास तिकीट काढून जावे लागे, येथे चिमणराव स्वतःच घरी येत, हा भेद सामान्य नव्हे.

या पात्राचे जनक चिंतामण विनायक जोशी हे पाली भाषेचे व्यासंगी पंडित असून बडोदे संस्थानच्या दप्तरखात्यात अधिकारी होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याचा दिवस जुन्या कागदपत्रांचे रुमाल सोडण्यात आणि बांधण्यात जातो, त्यास मनुष्याचा मूर्खपणा अतिशयोक्तीवाचूनच पुरेसा हास्यकारक असतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. चिमणराव आपली फजिती एखाद्या कारकुनाने कैफियत लिहावी तितक्या गांभीर्याने निवेदन करतात. त्यांच्या घरात पत्नी काऊ आणि मुले मोरू, मैना, राघू असा अवघा पक्षिसंप्रदाय नांदत असता त्याची वाच्यता ते स्वतः विनोद म्हणून कधी करीत नाहीत. प्रभावळकरांनी नेमके हेच ओळखले. त्यांचा चेहरा हसवण्याची खटपट करीत नसे. उलट, आपणास कोणी हसत आहे याचा सुगावाच लागू नये अशा काळजीने तो जपलेला असे. धिप्पाड, सोटाधारी गुंड्याभाऊ शेजारी उभा राहिला म्हणजे ती काळजी अधिकच केविलवाणी दिसे. (पुढे २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत तेच प्रभावळकर आबा होऊन आले, तेव्हाही हाच संयम त्यांनी शाबूत ठेवला होता.)

आमच्या वाड्यात एक सेवानिवृत्त शिरस्तेदार राहत. चिमणरावांच्या फजितीने सतरंजीवर बसलेली मंडळी लोटपोट होत असता हे गृहस्थ मात्र उपरणे सावरीत निर्विकार बसत, आणि कोणी छेडलेच तर म्हणत, “यात हसण्यासारखं काय आहे? असंच तर असतं!” तथापि पुढल्या खेपेस यजमानांनी पेटीचे दार सरकवण्यापूर्वीच, पुढल्या रांगेतील भिंतीलगतची जागा त्यांनी आपले उपरणे ठेवून अडवलेली असे.