काचपात्रातील पेशी आणि हवेतला ऑक्सिजन

प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर पोषक द्रवात जगविण्याच्या व वाढविण्याच्या तंत्राला पेशीसंवर्धन म्हणतात. अनेक लशींचे उत्पादन आणि कर्करोगावरील औषधांच्या प्राथमिक चाचण्या या तंत्रावर उभ्या आहेत, आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा पेशींचा संग्रह जतन केला जातो. पेशी ज्या बंद कपाटात, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, ठेवतात तेथील तापमान 37 अंश सेल्सिअस आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बहुधा 5 टक्के असते. बाहेरच्या हवेत मात्र हा वायू जेमतेम 0.04 टक्के आढळतो.

हा जादा वायू पेशींचे अन्न नव्हे. पोषक द्रवात बायकार्बोनेट हा क्षार असतो आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा समतोल साधला गेला, की द्रवाचा सामू, म्हणजे त्याच्या आम्लतेचे माप, रक्ताप्रमाणे 7.4 च्या जवळपास टिकून राहतो. धमनीतील रक्तात या वायूचा दाब सुमारे 40 मिलिमीटर पारा, म्हणजेच वातावरणाच्या दाबाच्या साधारण 5 टक्के असल्यामुळे हा आकडा शरीराशी जुळणारा आहे. द्रवात मिसळलेले फिनॉल रेड हे रंगद्रव्य आम्लता वाढली की पिवळे आणि वायू निसटून गेला की जांभळट गुलाबी होते, त्यामुळे बिघाड नजरेलाच कळतो.

ऑक्सिजनच्या बाबतीत अशी दक्षता क्वचितच घेतली जाते. साध्या इन्क्युबेटरमध्ये बाहेरची हवाच असते आणि बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांचा वाटा वजा जाता तीत 18 ते 19 टक्के ऑक्सिजन उरतो. यालाच सामान्य पातळी म्हणण्याची रूढी आहे, पण शरीराच्या दृष्टीने ती मुळीच सामान्य नाही. फुप्फुसातील वायुकोशांतच ऑक्सिजन 13 ते 14 टक्क्यांवर आलेला असतो, मेंदूच्या ऊतींत तो सुमारे 4 टक्के असतो आणि अस्थिमज्जेच्या काही भागांत त्याहूनही कमी. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदराच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतील, पेशी हवेतील ऑक्सिजनमध्ये लवकरच विभाजन थांबवीत असल्याचे, तर 3 टक्क्यांत वाढतच राहत असल्याचे दिसले. जे वार्धक्य पेशींचा स्वभाव मानले जात होते, ते मोठ्या प्रमाणात ऑक्सिजनने केलेले नुकसान होते.

पेशी ऑक्सिजनची पातळी कशी ओळखतात, याच्या उलगड्यासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुरेशा ऑक्सिजनमध्ये ‘हिफ-1 अल्फा’ हे प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते. ऑक्सिजन घटला की ते साठते आणि रक्तवाहिन्यांच्या वाढीपासून शर्करेच्या वापरापर्यंत शेकडो जनुकांचे काम बदलते. अशा संवेदनक्षम पेशींवर औषध तपासताना ऑक्सिजनची नोंदच न ठेवणे ही गंभीर उणीव मानली पाहिजे.

नायट्रोजन सोडून ऑक्सिजन 5 टक्क्यांपर्यंत खाली आणणारे इन्क्युबेटर उपलब्ध आहेत आणि कृत्रिम गर्भधारणेच्या अनेक केंद्रांत भ्रूण त्यांतच वाढविले जातात. तरीही कपाटातला आकडा हा पेशीपाशी पोहोचणारा आकडा नसतो, कारण ऑक्सिजन द्रवातून फार सावकाश झिरपतो. यकृतपेशींसारख्या भरपूर ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशी दाटीने वाढलेल्या असल्या, तर काही मिलिमीटर द्रवाखाली त्यांना त्याची चणचणही भासू शकते. म्हणून शोधनिबंधात वायूच्या टक्केवारीबरोबर द्रवाची खोली आणि पेशींची दाटीही नोंदविली गेली पाहिजे.