राजाश्रय ते लोकाश्रय: कोल्हापूरने कलेसाठी मोजलेली किंमत

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात, त्याचे श्रेय बहुधा दरबाराला दिले जाते. ते रास्तच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांना पदरी ठेवले आणि 1915 साली पॅलेस थिएटर पूर्ण करून घेतले. मात्र त्याआधी, 1883 साली, शहरातल्या रसिकांनी गायन समाज देवल क्लब उभा केला होता. 1922 साली महाराज निवर्तले, खाँसाहेब पुढे मुंबईला गेले. क्लब शहरातच राहिला.

नाटकाला तिकिटाने जगवले. गायक-नट केशवराव भोसले यांची ललितकलादर्श नाटक मंडळी 1908 पासून प्रेक्षकांच्या पैशावर उभी होती. हा प्रेक्षक चांगल्या कामासाठी खिसा किती सैल सोडतो, हे 1921 च्या संयुक्त ‘मानापमान’ने दाखवले. केशवराव आणि बालगंधर्व यांचा मुंबईतला तो प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता.

सिनेमाचा आरंभ याहून हृद्य आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. ‘सैरंध्री’ (1920) पडद्यावर आला त्यामागे एका कलावतीची पुंजी होती. या नावाला इतिहासात मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

संस्थान विलीन झाल्यावर कलेचा भार करदात्यावर आला. पॅलेस थिएटरला 1957 साली केशवरावांचे नाव मिळाले. पुढे त्याची देखभाल महापालिकेच्या तिजोरीतून होत राहिली. कर देणाऱ्याला असा खर्च मान्य असतो का, हे थ्रॉस्बी व विदर्स या अर्थतज्ज्ञांनी 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात लोकांनाच विचारले. कधी नाट्यगृहात न जाणाऱ्यालाही गावात नाट्यगृह असावेसे वाटते, हा या विचारातला कळीचा मुद्दा.

कोल्हापुरात हाच मुद्दा 2022 साली जयप्रभा स्टुडिओ वाचवण्याच्या आंदोलनात दिसला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा तर सारे शहर हळहळले. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी 20 कोटी रुपये जाहीर केले. कलावंत आणि नागरिकांनीही मदतीचा हात पुढे केला. वास्तू पूर्वी होती तशीच उभी राहावी, हा आग्रह त्यांनी धरला.