वाय-फायचा परवलीचा शब्द परत मिळवणे
घरगुती राउटरच्या बिनतारी जाळ्यात प्रवेश देणारा परवलीचा शब्द डब्ल्यूपीए-२ पद्धतीत ८ ते ६३ चिन्हांचा असतो. राउटरच्या व्यवस्थापन-पृष्ठाचा परवलीचा शब्द याहून निराळा. दोहोंची गल्लत वारंवार होते. मूळ शब्द बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो (ती न पाहताच अनेक जण राउटर रिसेट करून मोकळे होतात). तो बदललेला असल्यास आधी जोडलेला फोन उपयोगी पडतो: अँड्रॉइड १० पासून 'शेअर' पर्यायातून क्यूआर कोड मिळतो, तर आयओएस १६ पासून सेटिंग्जमध्ये शब्दच वाचता येतो. रिसेटची कळ टाचणीने दाबून धरणे हा अखेरचा उपाय होय. त्यामुळे राउटर कारखान्यातील मूळ स्थितीत येतो. मात्र सेवादात्याने त्यात भरलेले जोडणीचे वापरकर्तानाव व परवलीचा शब्दही पुसले जातात. ते हाती नसतील तर घरातील इंटरनेटच बंद पडते.