घाटमाथ्यावर पोचलेला समुद्र

शिडाच्या बोटीतून इंडोनेशियाची बेटं हिंडणारे सांगतात, की समुद्राकाठची संस्कृती बंदरात उतरून तिथलं खाल्ल्याशिवाय कळत नाही. मला हे अर्धंच पटतं. समुद्राने आणलेलं किती खोल रुजलं, ते घाट चढून गेल्यावरच कळतं, आणि त्यासाठी मावळासारखी जागा नाही. पुरणात किसलेलं जायफळच घ्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खऱ्या जायफळाची झाडं फक्त इंडोनेशियाच्या बांदा बेटांवर होती, आणि लवंगेची त्यांच्या उत्तरेला, मोलुक्कात. या जायफळासाठी डच कंपनीने १६२१ मध्ये बांदाच्या रहिवाशांची कत्तल केली. मसाल्याच्या कौतुकात हे रक्त विसरता कामा नये. अठराव्या शतकाच्या त्या उत्तरार्धापर्यंत देशावरच्या पाट्यावर वाटली गेलेली प्रत्येक लवंग शिडाच्या जहाजातून आलेली होती आणि बोरघाटासारख्या वाटांनी बैलांच्या पाठीवरून वर चढलेली होती. मलबारात रानजायफळ होतंच, असा आक्षेप कुणी घेईल. पण रामपत्री देणारं ते झाड वेगळं. त्याला जायफळाचा दरवळ नाही.

माल येतो तिथे माणसं येतातच असं नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचं उत्तर कार्ल्याच्या चैत्यगृहात कोरलेलं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या कोरीव लेखांत धेनुकाकटचे यवन दाते भेटतात, सोपाऱ्याचा एक दाता भेटतो, आणि वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपालही. हे यवन समुद्रापलीकडून नुकतेच उतरलेले ग्रीक होते असं मी म्हणणार नाही. ते इथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले असू शकतात, आणि धेनुकाकट कुठे होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सोपाऱ्याबद्दल मात्र वाद नाही. वसईजवळच्या त्या बंदरातला माणूस घाटमाथ्यावरच्या लेण्यात स्तंभ दान करतो, याचा अर्थ बंदर आणि मावळ एकाच व्यवहाराची दोन टोकं होती.

त्याच चैत्यगृहाच्या दाराशी आज एकवीरेचं देऊळ आहे. चैत्रात रायगड, ठाणे, मुंबईकडचे कोळी आणि आगरी पालख्या घेऊन येतात, नवस फेडतात, कोंबड्या-बकऱ्याचा मान देतात. लेणी बौद्ध, देवी कोळ्यांची. दोन्हींमध्ये अखंड परंपरा होती असा पुरावा नाही आणि माझा तसा दावाही नाही. टिकली ती वाट, आणि किनाऱ्याच्या माणसाने वर यायची गरज. जेवणातही हेच दिसतं. लोणावळ्याची ओळख चिक्की, आणि तिच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, युरोपीय जहाजांनी जगभर पसरवलेला. मावळाची स्वतःची खरी चव भाताची: इथला आंबेमोहोर, आणि त्याच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी. भात खाणारा मुलूख असल्यामुळेच सुकट-बोंबलाचं कालवण इथे सहज सामावतं. ज्वारी-बाजरीच्या देशावरची ही भाताची पट्टी किनाऱ्याला चुलीपाशी जवळची आहे. पावसाळ्यात धबधब्यांसाठी लोटणाऱ्या गर्दीला यातलं काहीच दिसत नाही. ज्याला समुद्राची संस्कृती मावळात पाहायची आहे, त्याने चैत्रात कार्ल्याला यावं, आधी स्तंभांवरचे लेख पाहावेत आणि मग पायथ्याशी कोळी कुटुंबं काय रांधतात ते विचारावं.